आठ दिवसांचे डूल

माझ्या घरात काही हलत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरला वर एक खिळा आहे आणि खालीही एक. देवघरासमोरचा लोंबता दिवा मी पहिल्याच महिन्यात काढून घेतला. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा माझं हे काम बघून सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "ही पोरगी घर लावून राहिली का गाठोडं बांधून राहिली?"

कानातही तेच. मी कुड्या घालते, पाळीला चिकटून बसणाऱ्या. सराफाने डुलांचा ट्रे पुढे केला की मी तो मागे सरकवते. लोलक दिसला की माझी नजर त्याच्यावर अडकते, तो थांबेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. हे वेड कुठून आलं ते मला नक्की माहीत आहे. त्याला एक वही कारण आहे, आणि ती माझ्याच अक्षरात आहे.

मी दहावीत होते. आम्ही लातूरला राहायचो. बाबा सरकारी कचेरीत होते, आई शाळेत गणित शिकवायची, आणि बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच असायची. आईच्या कानात लग्नातल्या मोत्यांच्या कुड्या होत्या. सतरा-अठरा वर्षं त्या तिथे शर्टाच्या गुंडीसारख्या बसून होत्या. आईला डूल हवे होते. हिऱ्यांचे. ही इच्छा तिला एसटीत झाली होती. बिदरहून येताना तिच्या पुढच्या बाकावर एक बाई बसली होती, आणि उदगीरपर्यंत रस्ता सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला त्या बाईच्या कानातले लोलक हलायचे आणि बसच्या पत्र्यावर उजेडाचे बारीक ठिपके उडायचे.

"बाई गाढ झोपली होती," आई सांगायची, "पण तिचे कान जागे होते."

बाबा म्हणायचे, "एवढं हलणारं पाहिजे तर घड्याळाचा लंबक लाव कानाला."

"लंबकाला पाणी नसतं," आई म्हणायची. हिऱ्याच्या तेजाला आमच्याकडे पाणी म्हणतात.

नोकरीच्या इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. डूल मागितले. गणपती बसायच्या आधी ती आणि मी सराफाकडे गेलो. त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, बोलणं हळू. त्याने गुलाबी कागदाची पुडी उघडली. वर हरभऱ्याच्या डाळीएवढा एक हिरा, त्याखाली दोन बारीक कड्या, आणि कड्यांना अडकवलेला सात हिऱ्यांचा लोलक. त्याने एक डूल दोन बोटांत नुसता उभा धरला. बोटं स्थिर होती, तरी लोलक थरथरत होता. दुकानात खिडकी एकच होती. तिचा सगळा उजेड त्या सात खड्यांत गेला आणि तिथून आईच्या पदरावर सांडला. आईने आपल्या कुड्यांच्या फिरक्या काढायला सुरुवात केली.

पण हिरा असा सरळ घेत नाहीत. सोनं घ्या, मोती घ्या, कुणी काही विचारत नाही. हिरा मात्र लाभावा लागतो. आधी घरी न्यायचा, आठ दिवस अंगावर घालायचा आणि घरात काय काय घडतं ते बघायचं. बरं घडलं तर ठेवायचा, वाईट घडलं तर परत द्यायचा.

"तसल्ली करून घ्या, बाई," सराफ म्हणाला. "सणाची गर्दी ओसरू द्या, मग न्या. न्हाई लाभलं तर आणून द्या. मी कारण विचारणार न्हाई. हिऱ्याला जबरदस्ती चालत न्हाई."

आईचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. बाबांचा होता, आत्याचा तर फारच. मग आई म्हणाली, बघायचंच आहे तर नीट बघू, नंतर कुणी आपल्या सोयीने आठवायला नको. तिने मला शंभर पानी वही दिली. माझ्या अभ्यासाचं वेळापत्रक मी तेव्हाही पट्टीने रेघा मारून करायची, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे 'बरं', उजवीकडे 'वाईट'.

विसर्जनाला चार दिवस राहिले असताना डूल घरी आले. पहिल्या दिवशी गॅसचं सिलिंडर सांगितल्याच्या आधी आलं: बरं. दूध नासलं: वाईट. त्यावर आत्या म्हणाली, "लिहिलंस ना? दूध नासणं साधं नसतं." आई म्हणाली, "भांडं नीट विसळलं नव्हतं. तेही लिही." दुसऱ्या दिवशी बाबांची स्कूटर पंक्चर. तिसऱ्या दिवशी मला चाचणीत भूमितीत पैकीच्या पैकी. चौथ्या दिवशी आत्याचा पाय मुरगळला आणि तिने स्वतः येऊन ते वहीत लिहिलं गेल्याची खात्री केली. 'वाईट' एकाच ओळीने पुढे होतं. आई मात्र चालताना मान किंचित जास्त वळवायला लागली होती. फळ्यावर लिहून मुलींकडे वळली की पुढच्या दोन बाकांवर ठिपके पडतात, असं तिच्या वर्गातल्या मुलींनी मला सांगितलं.

एकच अडचण होती. तिला कुशीवर झोपता यायचं नाही. फिरकीचं टोक मानेला टोचायचं. डूल काढून ठेव म्हटलं तर म्हणायची, "आठ दिवस म्हणजे आठ दिवस."

म्हणून विसर्जनानंतरच्या त्या पहाटे जमीन हलली तेव्हा घरात एकटी आई जागी होती. पहिला आवाज तिने ऐकला. तिने मला दंडाला धरून ओढलं, आत्याला हाक मारली, बाबांना ढकललं. आम्ही अंगणात पोचलो आणि आतून मोठा आवाज झाला. उजाडल्यावर बघितलं. माझ्या अंथरुणाच्या वरच्या बाजूला भिंतीत फळी होती, तिच्यावर पितळेची घागर, पातेली, पाटा. फळी खाली आली होती. पाटा माझ्या उशीवर होता.

त्या दिवसापासून आम्ही शाळेच्या मैदानावर राहुटीत राहायला लागलो. गल्लीतली सगळीच घरं तिथे होती. बांबू, ताडपत्री, सतरंज्या. जमीन थांबत नव्हती. दिवसातून कितीतरी वेळा बारीक हलायची आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारायचं, हललं का? खात्री करायला काही टांगलेलं नव्हतं. मग सगळे आईच्या कानांकडे बघायला लागले. लोलक हलतोय का. शेजारच्या राहुटीतल्या बायकाही डोकावून जायच्या. आईने भाकरी थापली तरी लोलक हलायचा आणि कुणीतरी पोर उचलून बाहेर पळायचं.

"माझ्या कानाला हवामान खातं समजून राहिलात का?" आई एकदा ओरडली. लोक हसले. ती हसली नाही.

ट्रक किल्लारीकडून येत होते. आम्ही मैदानावरून बघायचो. सिव्हिल हॉस्पिटलकडे जायचे, मोकळे परत जायचे. गावंच्या गावं झोपल्याचं लोक सांगत होते. आईच्या शाळेतल्या शिपाईकाकांचं सगळं गणगोत त्या बाजूला होतं. ते सायकलवरून गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मैदानावर चुली पेटल्या, बायका भाकरी करून धोतरांत बांधून ट्रकवर देत होत्या. आई मध्ये बसून थापत होती. हाताला पीठ आणि कानात हिरे. डूल कुठे ठेवणार? घराला तडे, कपाट उघडं. अंगावर होते तेच सुरक्षित.

भाकऱ्या मोजताना एक बाई बोललीच, "बाईंनी हिरे आणले अन् धरणी हालली. हिरा सगळ्यांना सोसत न्हाई."

आत्या लगेच म्हणाली, "मी चौथ्याच दिवशी सांगत होते. माझा पाय काय उगीच मुरगळला?"

आईने भाकरी उलटली. "तुमच्या पायाने किल्लारी हलली का, वन्सं?" ती म्हणाली. पण तिचे कान लाल झालेले मी बघितले.

वही माझ्याजवळ होती. उजाडल्यावर मैदानावर यायला निघताना दप्तर घेतलं होतं, त्यात होती. सहाव्या दिवसाची ओळ कोरी होती. बाबा म्हणाले, "वाईटात लिही. ह्यात विचारायचं काय?" आई म्हणाली, "थांब. पूर्ण घडलेलं लिहायचं असतं."

मला ते समजलं होतं. आई फिरकीमुळे जागी होती, म्हणून पाटा रिकाम्या उशीवर पडला. ही डावीकडची ओळ होती. मी पेन घेऊन बसलेही होते. तेवढ्यात शिपाईकाका राहुटीसमोरून गेले. त्यांच्या अंगावर तोच सदरा होता, जाताना घातलेला. ह्या माणसासमोर मी 'बरं' ह्या शब्दाखाली काय लिहू? एक फळी? मी वाचले? मला लाज वाटली. आणि कोरी जागाही बघवत नव्हती, हेही खरं आहे. मी उजवीकडे 'भूकंप' लिहिलं, शाईने, आणि वही मिटली. फळी कुठेच लिहिली नाही.

नवव्या दिवशी सराफ स्वतः आला. त्याचं कुटुंब मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतं. दुकान बंदच. तो सतरंजीच्या कडेला बसला, सगळ्यांची चौकशी केली, आणि मग हळूच म्हणाला, "बाई, हे काही विचारायचे दिवस न्हाईत. तुम्हाला वाटलं तर महिनाभर ठेवा."

"नाही," आई म्हणाली. "ठरलं ते ठरलं." मग माझ्याकडे बघून, "वही वाच."

बाबा होते, आत्या होती, भाकऱ्यांना आलेल्या दोन-तीन बायका होत्या. मी उभी राहिले. वर्गात उत्तर वाचावं तसं मोठ्याने वाचलं. सिलिंडर, दूध, स्कूटर, भूमिती, पाय. मग म्हणाले, "सहावा दिवस. वाईट. भूकंप." आणि थांबले.

आई वाट बघत होती. मला ते दिसत होतं. तिची मान माझ्याकडे होती आणि दोन्ही लोलक सरळ, शांत लोंबत होते. त्या क्षणी जमीनसुद्धा हलत नव्हती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

ती स्वतः सांगू शकली असती. तिला फळी माहीत होती, फिरकी माहीत होती. पण ती वर्गात मुलींना सांगायची, मनात होतं त्याला गुण नसतात, लिहिलं असेल त्याला असतात. तिने दोन्ही हात वर केले, फिरक्या काढल्या, डूल पदराने पुसले आणि सराफाच्या हातावर ठेवले. त्याने गुलाबी कागदात बांधले. कारण विचारलं नाही. आईने पदराच्या गाठीतून मोत्यांच्या कुड्या काढून घातल्या, आणि पुढची तीसेक वर्षं त्या तशाच राहिल्या.

ह्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. मी मात्र तेव्हापासून काही लिहायचं सोडत नाही. किराणा, औषधं, कुणाला काय बोलायचं ते. ऑफिसातल्या मुली म्हणतात, मॅडम श्वास घेतला तरी टिपून ठेवतात. ठेवते.

माझी मुलगी अकरावीला लातूरला गेली. जायचंच होतं. नांदेडला कमी शिकवण्या आहेत असं नाही, पण लातूर म्हटलं की आईबापाला आपण सगळं केल्यासारखं वाटतं. बाबा आणि आत्या तोवर राहिले नव्हते. आई एकटी होती, म्हणून मुलगी तिच्याकडे राहिली. आमच्या गल्लीत आता प्रत्येक घरावर मजले चढलेत, मुलींचं वसतिगृह, मेस, झेरॉक्स. भूकंपानंतर जिथे कुणी दुमजली बांधायला धजत नव्हतं तिथे आता चौथ्या मजल्यावर पोरी रसायनशास्त्र पाठ करतात. मी दर रविवारी जायची. जाताना यादी न्यायची: झोप किती, चाचणीत किती, कुठला धडा मागे. आई दारातच म्हणायची, "आली मोजणीवाली."

दोन वर्षांनी वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा झाली. केंद्र लातूरचंच. फाटकाशी मुलींना अंगावरचं सगळं काढायला सांगतात. केसांतली पिन, गळ्यातला दोरा, कानातलं. त्यामुळे बाहेर उन्हात शे-दीडशे आया उभ्या, आणि प्रत्येकीच्या मुठीत पोरीच्या कानातलं. कुणी रुमालात बांधलेलं, कुणी स्वतःच्याच कानात घातलेलं. माझ्या शेजारी देवणीकडची एक बाई होती. तिच्या पोरीचे डूल होते, साध्या खड्यांचे. ते तिने बोटांत धरले होते, आणि ती सारखी टाचा उंचावून फाटकाकडे बघत असल्यामुळे ते हलत होते. मी मान फिरवली.

आईने फिरवली नाही. ती बघत होती. तिने हातातली छत्रीसुद्धा तिरपी केली, उजेड यावा म्हणून.

"वजनाला हलके असतील," ती म्हणाली. तेवढंच.

मी दुसऱ्या दिवशी नांदेडला आले आणि यादीत सर्वांत वर लिहिलं: आईचे डूल. तिथल्या एका सराफाच्या पेढीवरच्या तरुण मालकाला मी आठ दिवसांचं विचारलं तर तो हसला. "मॅडम, सर्टिफिकेट आहे की. लाभायचं काय त्यात?" मागे गादीवर त्याचे वडील बसले होते. ते म्हणाले, "त्यांना घेऊन जाऊ दे. हिरा असाच नेतात." वर एक हिरा, खाली सात. मी एक डूल दोन बोटांत धरून बघितला. तो थांबेना. मीच खाली ठेवला.

निकालाची तारीख मी बघितली होती. आठ दिवस मुद्दाम त्याच्या कितीतरी आधी बसवले, मध्ये काही येऊ नये म्हणून. रजा काढून लातूरला गेले. नवी वही घेतली. आईने डूल बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि कुड्या काढल्या. पाळीची भोकं ओघळली होती. लोलक जरा खाली यायचा. ती आरशासमोर फार वेळ उभी राहिली. मुलगी म्हणाली, "आजी, कसली भारी दिसायलीस!" आजीने मान मुद्दाम दोनदा वळवली.

पाच दिवस मी त्या घरात नीट बसले नाही. दुधाचं भांडं स्वतः विसळलं. गच्चीच्या जिन्यावर पाणी सांडलं की पुसत होते. फळीवरची भांडी मी पहिल्याच दिवशी खाली उतरवून ठेवली होती. वहीत एक ओळही लिहिली नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी मुलीच्या मैत्रिणीचा फोन आला. निकाल लागला होता. जाहीर केलेल्या तारखेच्या आधीच.

मुलीने फोनवर आकडा उघडला. लागत होते त्या गुणांच्या बरेच खाली. सरकारी कॉलेज तर नाहीच, दुसरीकडेही नाही. ती जिन्यात जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले, परत आले, पाणी घेऊन गेले, परत आले. पुन्हा एक वर्ष, की दुसरं काही, की आधी जेवण. डोक्यात ओळी पडत होत्या आणि त्यांना क्रम लागत नव्हता. स्वयंपाकघरात आई उभी होती. तिचे दोन्ही हात कानांकडे गेले होते. मला वाटलं, फिरक्या काढतेय.

"आई, नको," मी म्हणाले.

"काय नको? केस अडकलाय," ती म्हणाली. केस सोडवला. मग जिन्याकडे तोंड करून, "ए पोरी, आत ये. तुझा निकाल तुझ्या आजीच्या कानामुळे लागलेला नाही, कुणी सांगितलं तर खरं मानू नकोस. पिठलं खाणार का?"

जिन्यातून रडका आवाज आला, "तिखट कर."

आईने बेसनाचा डबा काढला. काढता काढता म्हणाली, "वही कुठेय?"

मी आणली. कोरं पान. मी पट्टी न घेता मधोमध रेघ मारली, ती वाकडी गेली. पेन हातात धरून विचारलं, "निकाल कुठे लिहू?"

"तो नंतर बघू. मागच्या वहीतली एक ओळ राहिलीय," आई म्हणाली. ती बेसन कालवत होती, माझ्याकडे पाठ होती. "ती आधी लिही. डावीकडे."

मी लिहिली. फळी पडली, मी वाचले. अक्षर काही माझं नेहमीचं आलं नाही. मी मान वर केली तर आई पिठलं हलवत होती आणि दोन्ही लोलक हलत होते, शेगडीमागच्या भिंतीवर ठिपके वरखाली होत होते. मी बघत राहिले. डाव्या डुलाची फिरकी सैल वाटत होती. पेढीवर दाखवायला हवी. तेही लिहून ठेवलं.